जपानला जाऊन माझं हिंदी सुधारलं

शीर्षक गंमत म्हणून दिलेलं नाही. ऑक्टोबर २०२२ ते जानेवारी २०२४ असे पंधरा महिने मी टोकियोला लागून असलेल्या सायतामात जपानी शिकायला होतो. व्हिसा विद्यार्थ्याचा, शाळा भाषेची, आणि खर्च भागवायला पार्ट-टाइम काम. या पंधरा महिन्यांत मी सगळ्यात जास्त कुठली भाषा बोललो असेन तर ती हिंदी. बेंतो म्हणजे जपानी जेवणाचे तयार डबे. ते भरायच्या कारखान्यात मी रात्रपाळीला होतो. आमच्या ओळीत अकरा जण. त्यातले सात नेपाळी, तीन व्हिएतनामी आणि एक सर्जेकोटचा, म्हणजे मी. नेपाळी पोरांना हिंदी सिनेमांमुळे हिंदी चांगलं यायचं, आणि मला बोलायला माणूस हवा होता. मालवणात वाढलेल्या माझं हिंदी आधी 'मेरेको मालूम नहीं' छापाचं होतं. ते कारखान्यात सुधारलं.

हे आता लिहायचं कारण म्हणजे कुडाळला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर लागलेला एक बॅनर. 'जपानमध्ये कमवा आणि शिका! दरमहा ७५,०००.' खाली चेरीची फुलं आणि एक मोबाईल नंबर. माझ्या वेळी असाच बॅनर होता, फक्त फुलांऐवजी फुजी पर्वत होता. आता शेजारी जर्मनीचाही लागलाय. मला व्हॉट्सॲपवर आठवड्याला एखादा तरी मुलगा विचारतो, 'दादा, जाऊ काय?' प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळलो. म्हणून हे एकदाच.

बॅनरवर दोन आश्वासनं असतात. पार्ट-टाइममधून फी आणि राहणं सुटेल, हे पहिलं. काम करता करता भाषा आपोआप येईल, हे दुसरं. माझं म्हणणं असं की ही दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत खरी होणं जवळपास अशक्य आहे, आणि जे तुम्हाला ती एकत्र विकतात त्यांना हे ठाऊक असतं.

पहिलं आश्वासन पैशाचं. जपानमध्ये विद्यार्थ्याला कामासाठी वेगळा परवाना लागतो. त्याचं सरकारी नावच 'निवासाच्या दर्जाबाहेरच्या कामाची परवानगी' अशा अर्थाचं आहे. मर्यादा आठवड्याला २८ तास, सगळ्या नोकऱ्या मिळून. मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ तासांपर्यंत. मी गेलो तेव्हा सायतामात किमान वेतन ताशी ९८७ येन होतं आणि रात्री दहानंतर त्यावर पंचवीस टक्के जास्त. रात्रपाळी सगळ्यांना हवी असायची ती त्यामुळेच. चार रात्री, प्रत्येकी सात तास, बरोबर अठ्ठावीस. महिन्याला हातात साधारण सव्वा लाख येन. तेव्हा एक येन म्हणजे साठ पैशांच्या आतबाहेर, म्हणजे झाले ना ७५ हजार. बॅनर खोटा नव्हता.

आता उरलेला हिशोब. तिघांत घेतलेल्या खोलीचं माझ्या वाट्याचं भाडं ३५ हजार येन. स्वतः शिजवून जेवण २५ हजार. ट्रेन, फोन, वीज, आरोग्य विमा मिळून २३ हजार. शाळेची फी वर्षाला साडेसात लाख, म्हणजे महिन्याला साडेबासष्ट हजार. बेरीज करा. दर महिन्याला वीस हजार येन कमी पडायचे, आणि घरचं कर्ज यात धरलेलंच नाही. मी जाण्याआधी एजंटची फी, शाळेचा पहिला हप्ता, तिकीट, कागदपत्रं असं सगळं मिळून नऊ लाख रुपये गेले होते. त्यातले सहा लाख आंब्याच्या कलमांची जमीन तारण ठेवून. कमाई रुपयांत सांगायची आणि खर्च सांगायचाच नाही, एवढीच त्या बॅनरमागची युक्ती. मी इंजिनिअर. कॉलेजात चार वर्षं गणित केलेला माणूस. ही बेरीज मी जायच्या आधी केली नव्हती, याची लाज अजून वाटते.

एजंटला मी तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, की २८ तासांत भागेल का. तो म्हणाला, 'अठ्ठावीस कागदावर. तिकडे सगळे चाळीस करतात.' हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकाल त्याच्या ऑफिसातून उठा. तास ओलांडणारे खूप असतात, हे खरं. व्हिसा वाढवताना ते पगाराच्या आणि कराच्या कागदांवरून पकडले जातात आणि परत पाठवले जातात, हेही तितकंच खरं. चाळीसवाला सल्ला देणाऱ्याचं तेव्हा काही जात नाही. बऱ्याच एजंटांना दोन्हीकडून पैसे मिळतात. तुमच्याकडून फी, शाळेकडून कमिशन. तुम्ही तिथे पोचलात की त्यांचं काम संपलं.

पण पैशाचा मुद्दा मी पुढे ताणत नाही. पैसे बुडतात, परत मिळवता येतात. बाबांनी हे मला विमानतळावरून घरी येताना सांगितलं होतं. माझा जास्त राग दुसऱ्या आश्वासनावर आहे.

'थंय कामाक लागलस की भाषा आपोआप येतली.' हे मला एजंटने सांगितलं, शेजारच्या काकांनी सांगितलं, मास्तरांनी सांगितलं, आणि मी स्वतःही स्वतःला सांगितलं. ऐकायला पटतं. पोहायला पाण्यात पडावं लागतं वगैरे.

आमच्या बंदरावर या. सर्जेकोटला, मालवणला, देवगडला, कुठेही. ट्रॉलरवर नेपाळी खलाशी असतात. आमच्या शेजारच्यांच्या बोटीवर एक जण आठ वर्षं आहे. १ जूनला मासेमारी बंद झाली की गावी जातो, ऑगस्टला परत. आठ वर्षं मालवणी माणसांत, समुद्रात, चोवीस तास. त्याला मालवणी किती येतं? 'जाळा वड.' 'बर्फ हाड.' 'दोर सोड.' बांगडो, सुरमय, म्हाकूल, कोळंबी. शिव्या सगळ्या. आकडे वीसपर्यंत, त्यापुढे हिंदी. देवनागरी त्याची स्वतःचीच लिपी, त्यामुळे बोटीवरचं 'श्री देव रामेश्वर प्रसन्न' तो खणखणीत वाचतो. पण मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत काय चाललंय हे विचाराल तर त्याला कळत नाही. तो हुशार आहे. इंजिन तोच दुरुस्त करतो. आठ वर्षांत त्याला तेवढीच भाषा आली जेवढी त्याच्याकडून काम करून घ्यायला लागते. त्याहून जास्त त्याला कोणी दिली नाही, आणि देण्याचं कोणाला कारणही नव्हतं.

बेंतोच्या पट्ट्यावर मी तो खलाशी होतो. माझं काम सातव्या जागेवर. पट्ट्यावरून भाताचा डबा येतो, त्यात खारवलेल्या 'साबा' माशाचा तुकडा ठेवायचा, कातडी वर. साबा म्हणजे आपल्या बांगड्याच्याच जातीतला. बंदरावर वाढलेला मुलगा जवळपास सात हजार किलोमीटर जाऊन रात्रभर बांगडा ठेवत होता, याचं मला तेव्हाही हसू यायचं. पट्टा थांबत नाही. मशीनचा आवाज मोठा. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, फक्त डोळे उघडे. पंधरा महिन्यांत तिथे माझ्याशी बोलली गेलेली जपानी मी एकदा वहीत लिहून काढली. 'हायाकु', म्हणजे लवकर. 'मोत्तो', अजून. 'दामे', असं नको. 'आबुनाई', सांभाळ. 'ओत्सुकारेसामा', पाळी संपल्यावरचा रामराम. असे सगळे मिळून तीसएक शब्द. पहिल्या आठवड्यात पंचवीस आले होते. उरलेल्या चौदा महिन्यांत पाच.

ज्या कामाला भाषा येत नसताना घेतात, ते काम भाषेशिवाय चालतं म्हणूनच घेतात. यात कारखान्याचा काही दोष नाही, त्यांना हात हवे होते. पण मग त्या कामातून भाषा येईल असं सांगणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

आणि शाळा? भाषाशाळेत आठवड्याला ४५ मिनिटांचे वीस तास असतात. घड्याळी हिशोबाने पंधरा. म्हणजे विद्यार्थी म्हणवणारा मी आठवड्याला पंधरा तास वर्गात आणि अठ्ठावीस तास पट्ट्यावर. पहाटे सहाला पाळी सुटायची, नऊला वर्ग. मधल्या वेळात ट्रेन आणि आंघोळ. दहाच्या सुमारास डोळे मिटायचे. आमच्या सेन्सेई ओरडायच्या नाहीत. जवळ येऊन बाकावर हलकेच हात ठेवायच्या आणि पुढे जायच्या. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. त्या चांगलं शिकवायच्या, हे मला नंतर कळलं. जुलै २०२३ मध्ये एन-फोरच्या परीक्षेत नापास झालो. जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पायऱ्या असतात, एन-फाइव्ह सगळ्यात खालची. म्हणजे मी खालून दुसऱ्या पायरीवर, त्याच देशात राहून, पडलो.

माझ्या वर्गातली एक व्हिएतनामी मुलगी आपल्या देशातूनच एन-थ्री करून आली होती. तिला पहिल्याच महिन्यात कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, काउंटरवर काम मिळालं. ताशी पैसे माझ्यापेक्षा थोडे कमीच, कारण तिची पाळी दिवसाची. पण ती चार-पाच तासांत शेकडो माणसांशी बोलायची. डबा गरम करून देऊ का, पिशवी हवी का, पार्सल कुठे पाठवायचं, सिगारेटचा नंबर कुठला, दारू प्यालेल्या आजोबांची समजूत कशी काढायची. आम्ही रात्री भरलेलेच डबे कदाचित ती सकाळी गरम करून द्यायची. वर्षभरात ती जवळपास जपान्यांसारखी बोलू लागली आणि मी साबा ठेवत राहिलो. तेव्हा पार्ट-टाइममधून भाषा शिकता येते, हे मी नाकारत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एक जण शिकली. पण ती भाषा घेऊन आली होती. व्याज मिळायला आधी खात्यात मुद्दल लागते. आणि मुद्दल बॅनरवाल्या तीन महिन्यांच्या 'क्रॅश कोर्स'मध्ये साठत नाही.

हे वाचून काही मंडळी खूश होतील. 'सांगत होतो, इंजिनिअर होऊन परदेशात मजुरी कशाला?' त्यांच्याशी माझं मुळीच पटत नाही. पट्ट्यावर उभं राहण्यात मला कमीपणा वाटला नाही. मी परत आलो तेव्हा आमच्याच आळीतल्या एकांनी विचारलं, 'भांडी घासूक गेल्लंस काय रे?' त्यांच्या होम-स्टेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला कोण आहे, तर झारखंडचा एक मुलगा. त्याचं काम त्यांना दिसत नाही, माझं मात्र दिसलं. आणि घरी राहून करायचं काय, हेही सांगा. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, चिपीला विमानतळ झाला, तारकर्लीला स्कूबा आली. पण पाऊस लागला की स्कूबा बंद, बोटी बंद, होम-स्टे रिकामे. वर्षातले चार महिने हातावर हात. मुलं बाहेर जाणारच. आमच्या आजोबांच्या पिढीने मुंबई गाठली, गिरणीत साचे चालवले, गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपले आणि रात्रशाळेत मॅट्रिक केली.

हा आजोबांचा दाखला एजंट मंडळीही देतात. 'तुमचे आजे मुंबईत कमवत शिकलेच ना?' शिकले. पण गिरणगावात मराठी होतं, रात्रशाळेत मराठी होतं, मुकादम कणकवलीचा होता. आजोबा नापास झाले असते तर पुन्हा बसले असते. हजेरी कमी पडली म्हणून कोणी त्यांना मुंबईतून हाकललं नसतं. त्यांनी फी भरायला कलमं गहाण टाकली नव्हती. उलट मनीऑर्डर पाठवत होते.

आणि त्या बॅनरवरचे शब्द बघा, 'कमवा आणि शिका'. हे शब्द महाराष्ट्रात कुठून आले हे कुठल्याही कॉलेजच्या पोराला माहीत असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं, आणि १९४७ मध्ये साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज 'कमवा आणि शिका' या पायावर उभं केलं. तिथली मुलं शेतात राबायची, पण ते शेत आणि तो वर्ग एकाच संस्थेचे. काम शिक्षणाला सोयीचं असेल असं बघणारं कोणीतरी होतं. मुलगा रात्रभर जागून वर्गात पेंगत असेल तर तो दोन्हीकडे त्यांचाच मुलगा. माझ्या बाबतीत शाळेला पट्टा माहीत नव्हता, पट्ट्याला शाळा माहीत नव्हती, आणि एजंट फोन उचलत नव्हता. भाऊरावांचे शब्द उचलून फुजी पर्वताखाली छापणाऱ्यांनी निदान तेवढं तरी सोडायला हवं होतं.

जर्मनीवाल्यांसाठी थोडं. तिथे मार्च २०२४ पासून भाषेच्या कोर्ससाठी गेलेल्यांनाही आठवड्याला वीस तास काम करता येतं. आधी येत नव्हतं. एजंट आता हेच दाखवतात. पण तोच देश विद्यापीठात शिकायला येणाऱ्याकडून वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी गोठवलेल्या खात्यात ठेवून घेतो, आणि नुसत्या भाषेसाठी जाणाऱ्यालाही खर्चाची सोय आधीच दाखवावी लागते. म्हणजे पार्ट-टाइमवर विसंबून येऊ नका, हे जर्मन सरकारच तुम्हाला सांगतंय. खात्यातले ते पैसे कर्जाने उभे करून देणाऱ्यांची सोयही आता निघालीय. तिच्यापासून लांब राहा, एवढंच म्हणतो.

त्यातल्या त्यात शहाणपणाची एक गोष्ट आपल्या सरकारने केली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल मुलं पाठवायचा करार केला, आणि त्यात जर्मन इथेच, आधी आणि फुकट शिकवायचं ठरवलं. अंमलबजावणीवर वेगळं भांडता येईल. पण क्रम बरोबर आहे. भाषा आधी, विमान नंतर. जपाननेही २०१९ मध्ये 'विशिष्ट कुशल कामगार' नावाचा व्हिसा सुरू केला. त्याला एन-फोर किंवा तिच्या तोडीची परीक्षा आणि कामाची परीक्षा लागते. त्यावर गेलेला माणूस कामगार म्हणून जातो, पूर्ण वेळ काम करतो, जपान्याएवढ्या पगाराचा त्याला हक्क असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये पाच वर्षांत पन्नास हजार कुशल भारतीय जपानला जातील असं दोन्ही देशांनी ठरवलंय. ज्याला पैसेच कमवायचे आहेत त्याने सरळ या दाराने जावं. विद्यार्थ्याचा मुखवटा घालून, वर फी भरून, मजुरी कशाला करायची?

अडचण अशी की त्या एन-फोरसाठीही मालवणच्या मुलाने जायचं कुठे? परीक्षेला पुणं किंवा मुंबई. शिकायला पुणं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषा शिकवतात हे पुण्यातल्या पोराला चालता चालता कळतं, आमच्याकडे ते कळायलाच पदवी होते. पुण्यात खोली घेऊन वर्षभर शिकायचं तर त्याला पैसे लागतात, मग माणूस म्हणतो त्यापेक्षा जपानलाच जाऊ. एजंटचा धंदा या पोकळीत चालतो. मालवणच्या, कुडाळच्या, सावंतवाडीच्या कॉलेजांत संध्याकाळी एक खोली, आठवड्याला पाच दिवस, वर्षभर, जपानी नाहीतर जर्मन. एवढं झालं तर कुडाळच्या रस्त्यावरचे निम्मे बॅनर उतरतील. विमानतळासाठी जेवढी आंदोलनं झाली त्याच्या शतांश दबाव पुरेल. आमदार-खासदारांच्या वाढदिवसाला चौकाचौकांत बॅनर लागतात, त्यातल्या एका दिवसाच्या खर्चात शिक्षकाचा महिन्याचा पगार सहज निघेल.

माझं पुढे काय झालं, तर मी घरी येऊन जपानी शिकलो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका ओळखीच्याकडून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं अर्धवेळ काम मिळालं, दिवसाला चार तास, घरून. नेट गेलं की बंदरावर जाऊन हॉटस्पॉट. उरलेला वेळ ऑनलाइन वर्ग आणि कांजीची अक्षरं. जुलैत पुण्याला जाऊन एन-फोर दिली, डिसेंबरात एन-थ्री. दोन्ही पास. सायतामातल्या वर्गाचा पाया उपयोगी पडला, ते लपवत नाही. पण तेही पार्ट-टाइम करत भाषा शिकणंच होतं. फरक इतकाच की रात्री मी झोपत होतो, आणि काम मला येत असलेलं होतं. आता पुण्यात नोकरी करतो, टीममध्ये जपानी ग्राहकांशी बोलायचं काम माझ्याकडे असतं. कलमं अजून सुटलेली नाहीत. दोन हप्ते बाकी आहेत.

गणपतीला घरी गेलो तेव्हा शेजारचा मुलगा आला. बावीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, उन्हाळ्यात स्कूबाच्या बोटीवर असतो. एप्रिलच्या प्रवेशाची फाइल तयार. जमिनीच्या कागदावर वडिलांची सही तेवढी बाकी. त्याचं म्हणणं मी येऊन त्याच्या बाबांना समजवावं, कारण मी जाऊन आलेला. मी त्याला दोन तास माझी वही दाखवली, आकड्यांची आणि त्या तीस शब्दांची. तो सगळं ऐकून म्हणाला, 'दादा, तू जावन इलंस म्हणान तुका बोलूक येता. मी खंय गेलंय?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला माझी एन-फाइव्हची पुस्तकं दिली आणि म्हटलं, जूनपर्यंत एवढं कर, मग सही घ्यायला मी स्वतः येतो. पुस्तकं त्याने नेली. फाइल अजून त्यांच्या टीव्हीखालच्या कपाटात आहे.